नारळ खडकावर उभा राहिला

आमचे आण्णा फार बोलत नसत, खाकरत. पहाटे ओट्यावरून एक छोटंसं कोरडं खाकरणं ऐकू आलं की चहा टाकायचा. बाहेरून येताना दोनदा खाकरले की बरोबर पाहुणा आहे, पदर सावरा, दोन भाकरी जास्त थापा. जेवताना ताटातून मान वर न करता खाकरले की आमटीत मीठ कमी आहे. पण हे ते पाहुण्यासमोर कधी करत नसत, कारण आईच्या आमटीची अब्रू त्यांना स्वतःच्या अब्रूइतकीच जपायची असे. आईशी वाजलं की मात्र दिवसभर खाकरणं बंद. मग घर इतकं गप्प व्हायचं की शेवटी आईच चुलीपुढून ओरडायची, "आवो, खाकरा तरी! मानूस घरात हाय का न्हाई ते तरी कळंल." मी अक्षरं शिकायच्या आधी आण्णांचं खाकरणं वाचायला शिकले, आणि पुढं जे रामायण घडलं ते या शिक्षणामुळंच घडलं.

पारनेरहून एस.टी.नं पाऊण तास, आणि एस.टी. सोडते तिथून पुन्हा पायी अर्धा तास, असं आमचं गाव. एका बाजूला बोडका माळ, तो उतरत उतरत ओढ्यापर्यंत आलेला. पावसाच्या भरवशावरची बाजरी, मटकी आणि हुलगा. हुलगा तर इतका की आमच्याकडे आठवड्यातून तीनदा शेंगोळी व्हायची. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरची घालून आई परातीच्या काठावर बसून ती वळायची आणि आधणात सोडायची, आणि त्या वासानं शेजारची दोन पोरं हमखास "काकू, आमच्या आईनं विळी मागितलीय" असं काहीतरी कारण काढून यायची. आज मी नगरला राहते (अहिल्यानगर म्हणायला जिभेला अजून वळण लागायचंय), शेंगोळीसाठी मुद्दाम गावाकडून पीठ मागवते, आणि माझ्या सुनेला ती यूट्यूबवर बघून माझ्यापेक्षा बरी जमतात. हे मी तिला सांगितलेलं नाही.

आण्णांची शेती बेताची, पण नाव लांबवर होतं ते पाणाडी म्हणून. जमिनीखाली पाणी कुठं आहे ते सांगणारा तो पाणाडी. विहीर खांदायची किंवा बोअर मारायचा तर लोक आधी आण्णांना घेऊन जात. पार श्रीरामपूरकडच्या, म्हणजे कालव्याच्या पाण्यावर लोळणाऱ्या माणसांकडूनही बोलावणं यायचं, तेव्हा आई म्हणायची, "ज्यांच्या दारात पानी त्यांना पाताळातलंबी पायजे." आण्णा पैसे ठरवत नसत, नारळ, टॉवेल आणि जेवण एवढ्यावर खूश. त्यांची खरी कमाई म्हणजे रस्त्यानं जाताना लोक सायकलवरून उतरून रामराम करत, ती.

आणि या नावात माझाही वाटा होता, कारण मी पायाळू. मी जन्मले तेव्हा आधी पाय बाहेर आले, नंतर डोकं. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं आणि पायाळू माणसावर वीज पडते, असं आमच्याकडे दोन्ही एकदमच मानतात. त्यामुळं पावसाळ्यात ढग वाजला की मला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसत, आणि उन्हाळ्यात, सगळी पोरं सावलीला बसत तेव्हा, मला उंबऱ्याच्या आत बसू देत नसत. न्हाऊन, ओल्या केसांनी, अनवाणी, उपाशीपोटी मी कुणाच्या तरी तापलेल्या रानात चालायची. तळहातावर हळदकुंकू लावलेला नारळ आडवा. मागं आण्णा, त्यांच्या मागं रानाचा मालक आणि निम्मं गाव. चालता चालता एका जागी नारळ हळूहळू उठायचा आणि तळहातावर उभा राहायचा. लोक "आलं, आलं!" म्हणून ओरडत. बायका माझ्या पायावर पाणी घालत. आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यात यानं किती हवा शिरत असेल याचा विचार करा.

आता एवढ्या वर्षांनी सांगायला हरकत नाही, तसंही पुढं ते चारचौघांत सांगून झालंच: नारळ मी उभा करायची. आण्णांनी मला ते महिनाभर गोठ्यात शिकवलं होतं. अंगठ्याखालचा मांसल भाग जरासा आवळायचा, बोटं किंचित सोडायची, आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. कुठं उभा करायचा? तर आण्णा मागून खाकरतील तिथं. पण म्हणून आण्णा भोंदू होते असं कुणी म्हटलं तर मी आजही भांडायला उठेन. पाणी त्यांना खरंच कळायचं. आदल्या दिवशी ते एकटे जाऊन रान बघून येत. उंबर कुठल्या अंगाला झुकलाय, वारुळं कुठं ओळीनं आहेत, वैशाखातसुद्धा हराळी कुठं हिरवी आहे, ओढ्यात सिंधीचं झाड कुठं एकटंच तरारलंय. कधी मला बरोबर नेलं तर प्रत्येक झाडाशी थांबत आणि शिकवत. "पर वारूळ बघून सांगितलं तर लोक म्हंत्यात, ते तर आमीबी बघतो. नारळ पायजे त्यांना," असं म्हणून हसत. मला झाडं, मुंग्या आणि माती वाचायला माझ्या बापानं शिकवलं, आणि त्यांच्याशी मी पहिल्यांदा भांडले ते त्याच विद्येवरून.

भांडणाचं मूळ मावशीच्या गावात होतं. माझी मावशी डोंगराच्या पलीकडे दिलेली. तिथं एका बागाईतदाराच्या रानात मी नारळ उभा केला आणि बोअरला असं पाणी लागलं की लोखंडी पाइपातून ते माणसाच्या डोक्यावर उडालं. मला खांद्यावर घेऊन मिरवलं. त्यानंतर दोन उन्हाळ्यांनी मी मावशीकडे राहायला गेले तर गावाची जुनी बारव कोरडी. त्या बारवेत एक म्हातारं कासव होतं. गावाला त्याची फार माया. पोरांनी ते उचलून मावशीच्या परसात तांब्याच्या घंगाळात ठेवलं होतं. ते घंगाळाच्या कडेला पुढचे दोन पाय लावून उभं राहायचं आणि पुन्हा आत घसरायचं. मावशी रोज सकाळी दोन हंडे घेऊन लांबच्या विहिरीवर जायची आणि आल्यावर आधी एक तांब्या कासवाच्या अंगावर ओतायची. मी परत आले ती आण्णांना विचारायचं ठरवूनच.

आण्णा म्हणाले, "एका बोअरनं बारव आटत न्हाई. पाऊस कमी झालता."

मी म्हणाले, "पाऊस तर आपल्याकडं पन कमी झालता. आपला झरा का न्हाई आटला?"

त्यावर ते खाकरले आणि उठून गेले. या खाकरण्याचा अर्थ मला माहीत होता. उत्तर नसलं की ते असं करत.

आमचा झरा म्हणजे ओढ्याच्या काठी दोन उंबरांच्या मुळ्यांतून पाझरणारं पाणी. दिसायला काही नाही, हाताच्या पंजाएवढी धार. पण चैत्रातही ती तुटायची नाही. खाली दगडात कोरून काढल्यासारखा एक डोह होता, त्यात बायका हंडे बुडवत; पलीकडे पसरट पाणी, तिथं ढोरं पीत आणि उन्हं कलली की मोर येत. खंड्या पक्षी उंबराच्या एकाच वाळक्या फांदीवर बसायचा. गावातली अर्धी लग्नं त्या झऱ्यावर ठरली आणि अर्धी भांडणं तिथंच मिटली असं आई म्हणायची. पण आई त्या झऱ्याचं कौतुक करायची नाही. तिला नळ हवा होता. रोज सहा-सात हंडे चढावरून डोक्यावर आणून तिची मान एका बाजूला कलली होती, ती शेवटपर्यंत तशीच राहिली.

अशात, मी पंधरा वर्षांची असताना, तात्यांनी बोअर मारायचं ठरवलं. तात्या आमच्या भावकीतले, मोकळ्या मनाचा, कष्टाळू माणूस. झऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांचं रान. त्यांना डाळिंबाची बाग करायची होती. शिवाय पाणी जास्त लागलं तर गावाला टाकी भरून नळ द्यायचा, असं त्यांनी मारुतीसमोर कबूल केलं होतं. नगरहून बोअरची गाडी बोलावण्यासाठी त्यांनी दावणीची दुभती म्हैस विकली. बोअरची जागा बघायला आण्णा मला घेऊन गेले तेव्हा मला त्यांनी काही सांगायची गरजच नव्हती. झऱ्यापासून वर पन्नास पावलांवर वारुळांची रांग, खाली मऊ माती, भर उन्हाळ्यात हराळी. शेंबड्या पोरालाही कळावं की झऱ्याची शीर इथूनच जाते.

"हितं मारला तर झरा जाईल," मी म्हणाले.

"काय हुत न्हाई. जमिनीखाली समुद्र हाय."

संध्याकाळी जेवताना मी पुन्हा काढलं. आईनं भाकरी तव्यावर टाकता टाकताच माझा समाचार घेतला. "तुला झऱ्याचं लई कौतुक! हंडं कोन वाहतं? एक हप्ता माझ्या डोक्यानं चाल, मग बोल. पाखरं पानी पित्यात म्हनून बायांनी जलमभर मान मोडून घ्यायची व्हय?" आण्णा म्हणाले, "बघ. आन् तात्याची बाग झाली तर दहा घरांना काम लागंल. पानी जमिनीत ठिवून काय लोनचं घालायचंया का त्येचं?" मी कासवाचं सांगितलं. आण्णा हसले. त्या हसण्याचा मला जितका राग आला तितका नंतर आयुष्यात कशाचा आला नाही. मी ताटावरून उठले. शेंगोळी तशीच राहिली, आणि ती आईनं मुकाट्यानं झाकून ठेवली, हे मला सकाळी कळलं.

आता यात कोण बरोबर होतं? त्या वयात मला शंका नव्हती. माझा मुलगा आज माळावर सोलरचे पत्रे बसवणाऱ्या कंपनीत आहे आणि आमचं जेवताना नेमानं वाजतं. मी म्हणते, त्या गवतातल्या तित्तिरांनी आणि लांडग्यांनी कुठं जायचं? तो म्हणतो, आई, तुझा पंखा बंद करू का? अशा वेळी मला आईची कललेली मान दिसते आणि मी जरा आवाज खाली आणते, पण माघार घेत नाही.

तो दिवस उजाडला. गाडी आदल्या संध्याकाळीच येऊन उभी होती, आमच्या बैलगाडीच्या चाकोरीतून कशीबशी चढवलेली. तिच्यावरची माणसं दक्षिणेकडची, त्यांना मराठी येत नव्हतं. तात्यांच्या घरच्यांनी गाडीला हार घातला, पेढे वाटले. मी न्हाऊन, केस सोडून आले. हातावर नारळ ठेवताना आण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी चालायला लागले. वारुळांच्या रांगेपाशी आले आणि मागून आण्णा खाकरले.

मी चालत राहिले.

आण्णा पुन्हा खाकरले, मोठ्यानं. मी तरी चालत राहिले. तिसऱ्यांदा ते इतके जोरात खाकरले की कुणीतरी म्हणालं, "आण्णा, जेष्ठमध धरा तोंडात." लोक हसले. आणखी साठ-सत्तर पावलं मी गेले, जिथं मातीचा थर संपून काळा खडक उघडा पडला होता आणि गवताची काडीही नव्हती, तिथं थांबले. अंगठ्याखालचा भाग आवळला. नारळ उभा राहिला. "आलं, आलं!" असा गलका झाला. मी मागं वळून बघितलं तर आण्णा एकटेच गप्प उभे होते. त्यांच्या एका शब्दानं सगळं थांबलं असतं. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. का, ते मला कित्येक वर्षं कळलं नाही. आता वाटतं, चारचौघांत पोरीला खोटं पाडणं त्यांना जमलं नाही.

खडकात गाडी लागली. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच माहीत, दातांत शिरतो. भोकातून पांढरी भुकटी उडायला लागली. पहिले पन्नास फूट मला आनंद वाटला. शंभराला लोक बोलायचे थांबले. तात्या बांधावर बसले होते, टोपी, मिशा, धोतर सगळं पांढरं झालेलं, आणि दर नव्या रॉडला ते उठून उभे राहत आणि पुन्हा बसत. त्यांच्या मुलीनं पेढ्यांचं ताट पदरानं झाकलं. दोनशेला गाडीवाल्यानं मान हलवली, "सेठ, सूखा है." तात्या नुसते आपल्या रिकाम्या हातांकडं बघत राहिले. तेव्हा मला कळलं की मी झरा वाचवला नव्हता, एका भल्या माणसाला बुडवलं होतं. मला तिथंच रडू फुटलं.

माझं रडणं बघून तात्यांच्या म्हाताऱ्या गोदाआत्या पुढं आल्या. "ही रडती का? पोरीला इचारा, आज कावळा शिवला हुता का? पंधरा वर्सांची घोडी, तशीच आली आसंल नारळ धरून. मग कसलं पानी लागतंय!" सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. पोरं, म्हातारे, गाडीवरची परकी माणसंसुद्धा. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते मला त्या क्षणी हवं होतं.

तेव्हा आण्णा खाकरले. हा प्रकार मी आधी कधी ऐकला नव्हता.

"आत्या, माझ्या लेकीला बोल लावू नका," ते म्हणाले. "नारळ आपनहून उभा ऱ्हात न्हाई. उभा करावा लागतो. आजवर मी खाकरलो की तिनं केला. आज मी खाकरलो आन् तिनं न्हाई केला. येवढंच झालंया."

कुणीतरी हसलं, थट्टा आहे असं समजून. मग कुणीच हसलं नाही. तात्या उठून उभे राहिले. "म्हंजे, आण्णा, इतकी वर्सं..."

"इतकी वर्सं पानी लागलं का न्हाई?"

"लागलं."

"ते मी झाडं बघून, माती बघून सांगितलं. नारळ तुमच्यासाठी हुता. म्या सांगाया पायजे हुतं, न्हाई सांगितलं. आन् आज तू इचारशील तर पानी हाय. त्या वारुळापाशी, जिथं मी खाकरलो तिथं. साठ फुटाच्या आत."

तात्यांनी डोळे पुसले आणि गाडीवाल्याला हात केला. गाडीचं इंजिन पुन्हा सुरू झालं, ती मागं वळायला लागली. आण्णांचं नाव गेलं, तात्यांची म्हैस गेली, आता झराही जाणार. मी एका नारळात तिन्ही घालवली, असं मला वाटलं.

"थांबा," आई म्हणाली. ती झऱ्यावरून वर आली होती, भरलेला हंडा डोक्यावर. बाप्या-माणसांत ती कधी बोललेली मी पाहिली नव्हती. तिनं हंडा खाली ठेवला नाही. आण्णांकडं बघून म्हणाली, "तुमी मला म्हनला हुता, झऱ्याला काय हुनार न्हाई. आता सगळ्यांम्होरं खरं बोलायला लागलाच हाय, तर हेबी सांगा."

आण्णा खाली बघत म्हणाले, "आटंल."

"कवा?"

"दोन उन्हाळं. लई तर तीन."

मग तिनं हंडा उतरवला. "तात्या, नळ मलाबी पायजे. मान मोडली माझी. पर तुमची मोटार चालनार लाईटवर, आन् लाईट येती तिच्या मर्जीनं. झऱ्याला लाईट लागत न्हाई. झरा घालवून नळ घेतला, तर लाईट गेल्यावर आमी हंडा कुठं बुडवायचा? तुमच्या डाळिंबात?"

मागून बायका हसल्या. तात्यांची बायकोही हसली, आणि मग तिनं नवऱ्याकडं बघून मान हलवली, एवढीशीच. गाडीवाला विचारत होता, लावू का, लावू का. तात्या शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ दे." आणि मग आण्णांकडं वळून, रागानं नव्हे, अगदी थकून, "पर आण्णा, माझी म्हैस गेली, बाग गेली. मी काय करू आता?"

या प्रश्नाला उत्तर देणं भाग होतं आणि आण्णांनी दिलं. झऱ्याच्या खालच्या अंगाला, जिथं पाणी सांडून ओढ्यात वाया जातं, तिथं उथळ विहीर घ्यायची. झऱ्याचं पोट भरून उरेल ते बागेला. बाग लहान होईल, पण होईल. "खांदनार मी. आन् ही," माझ्याकडं हात करून म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी आमची वगार, म्हणजे अजून न व्यालेली तरणी म्हैस, सोडली, जी त्या पावसाळ्यात व्यायची होती, आणि तात्यांच्या दावणीला नेऊन बांधली. आईनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. पुढची दोन वर्षं आमच्या घरी चहा कोराच राहिला. त्याबद्दल मला कुणी एका शब्दानं बोललं नाही, आणि प्रत्येक घोटाला मला ते ऐकू आलं.

वगार बांधून परत येताना वाटेत आण्णा म्हणाले, "झरा वाचवला म्हनून टाळ्या वाजवू व्हय तुझ्या नावानं? भांडायचं हुतं. उपाशी बसायचं हुतं. तात्याला जाऊन सांगायचं हुतं. खोटं का बोललीस?"

"तुमीबी तेच करता की," मी म्हणाले.

ते थांबले. "व्हय," म्हणाले. "म्हनून तर कळतंय मला."

तो अख्खा वैशाख मी तात्यांच्या विहिरीवर मातीच्या पाट्या वाहिल्या. पहिल्या आठवड्यात हाताला फोड आले, दुसऱ्यात फुटले. तात्या मला दिवसातून एकदाही हाक मारत नव्हते. तिसऱ्या आठवड्यात त्यांची बायको ताक घेऊन आली तेव्हा त्यांनी आपला पेला माझ्यापुढं सरकवला आणि "पी" म्हणाले. सोळा फुटांवर ओल लागली, विसावर पाणी. तात्यांच्या डाळिंबाची झाडं ठरवली होती त्याच्या निम्मीच लागली. आईचा नळ यायला आणखी बरीच वर्षं गेली; तो आला तेव्हा तिनं दिवसभरात तो इतक्या वेळा उघडला आणि बंद केला की आण्णांना खाकरून थांबवावं लागलं. झरा अजून आहे. मधे माळाच्या पलीकडे बोअर झाले तेव्हा तो दोन-तीन उन्हाळे गेलाही होता. मग गावानं वर बांध घातले, त्या पट्ट्यात बोअर न मारायचं ठरवलं, आणि तो परत आला. मागच्या चैत्रात गेले होते तर धार होती.

आण्णांच्या नावाचं मात्र व्हायचं ते झालं. बातमी बाजाराच्या दिवशी पारनेरला पोचली आणि तिथून सगळीकडं. बोलावणी बंद झाली. सायकलवरून लोक उतरेनासे झाले, काहीजण तर मुद्दाम खाकरून पुढं जात. आण्णा ते ऐकून घेत. सकाळी ओट्यावर बसत, रस्त्याकडं बघत, आणि उठून रानात जात. मला वाटायचं, ते एकदा तरी माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी शाळेतून आले की काहीबाही कारण काढून त्यांच्याजवळ बसायची.

दिवाळी होऊन गेल्यावर एक माणूस आला. थेट खर्ड्याकडून, दोन एस.टी. बदलून, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. दारात उभा राहून म्हणाला, "पाणाडी आण्णा तुम्हीच का? मला इहीर घ्यायचीया."

"आमी नारळ सोडलाया," आण्णा म्हणाले.

"मला कळलंय सगळं. म्हणून तर आलो. नारळवाले आमच्याकडं मायंदाळ हायेत. बघून सांगणारा कुणी न्हाई."

आण्णा आत आले. पाणी प्यायले. भिंतीवरचा सदरा काढून अंगात घातला आणि मला म्हणाले, "चल."

त्या माणसाचं रान म्हणजे लांबच लांब उतार, कडेला एक ओहोळ, आणि शेजाऱ्याची जुनी विहीर दगडी बांधणीची. आम्ही सकाळी पोचलो. मी चपला घालून आले होते. आण्णा पुढं, मी मागं, असे आम्ही दोनदा रान फिरलो. उंबर नव्हताच. एक सिंधी होती, दोन वारुळं होती. ओहोळाच्या वळणावर हराळी होती. आण्णा वारुळापाशी थांबले, पायानं माती उकरून बघितली. मला माहीत होतं, त्यांनी जागा धरलीय. मालक हात जोडून उभा. आता आण्णा खाकरतील असं मला वाटलं, पण ते खाकरले नाहीत. माझ्याकडं वळून, त्या परक्या माणसादेखत म्हणाले, "शके, तुला काय वाटतं?"

मी म्हणाले, इथं पाणी लागेल, पण शेजाऱ्याची विहीर खालच्या अंगाला आहे, तिची शीर हीच असेल. वळणावर घेतली तर पाणी कमी लागेल, पण कुणाचं तुटणार नाही.

"वळनावर काय हाय? वीस फुटात पाषाण लागंल," आण्णा म्हणाले.

"सिंधी तिकडं झुकलीया. बघा तरी."

"सिंधी वाऱ्यानं झुकती."

"मग हराळी पन वाऱ्यानं हिरवी हुती का?"

आमचा आवाज चढला. आण्णा हात उडवून बोलायला लागले, मी काठीनं मातीत रेघा ओढून शिरा दाखवायला लागले. तो खर्ड्याचा माणूस एकदा त्यांच्याकडं बघे, एकदा माझ्याकडं. शेवटी म्हणाला, "आण्णा, तुमच्या दोघांचं ठरलं की मला हाक मारा," आणि जाऊन बांधावर बसला. आण्णांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते माझ्या रेघांपाशी उकिडवे बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "हां. सांग फुडं."